ग्रिलला एक दार ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. सत्तावीस वर्षं खिडक्यांची ग्रिलं, सेफ्टी डोअर, जिन्यांची रेलिंगं हेच काम. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागात मान वर केली की माझ्या हातची ग्रिलं दिसतात. पूर्वी बरं वाटायचं. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र नजर एकच गोष्ट शोधते, यातलं उघडतं कुठलं?

झालं असं, की इंदिरानगरमधल्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा भर दुपारी फोन आला. पॅसेजमधल्या इन्व्हर्टरने पेट घेतला होता. मुख्य दार धुराच्या पलीकडे, म्हणून घरातल्या आजी नातवाला घेऊन मागच्या बाल्कनीत गेल्या. पहिलाच मजला. शेजाऱ्यांनी तेवढ्यात शिडीही लावली होती, पण बाल्कनीला मीच बसवलेलं बॉक्स ग्रिल, बारा एमएमचे चौरस गज, चारही बाजूंनी पक्कं वेल्डिंग. मी ग्रायंडर घेऊन पोचलो तर इमारतीची मेन बंद केलेली. केलीच पाहिजे होती, पण ग्रायंडर काय हवेवर चालतो? शेवटी शिडीवर उभं राहून हॅकसॉने कापायला बसलो. दोन गज, खाली-वर मिळून चार काप, आणि ब्लेड नवं असलं तरी एकेका कापाला दोन-तीन मिनिटं. आजींनी पदर ओला करून नातवाच्या तोंडावर धरला होता आणि मला म्हणत होत्या, "सावकाश करा, हात कापेल." तिसरा काप चालू असताना अग्निशमनचा बंब आला. दोघं सुखरूप आहेत. संध्याकाळी गिऱ्हाईक म्हणालं, "मजबूत केलं होतंत हो." ते कौतुक होतं की काय, मी विचारलं नाही.

ऑर्डर देताना त्यांनीच सांगितलं होतं, "दार नको, चोर तिथूनच तोडतो." मीही मान डोलावली. बिजागऱ्या वाचल्या, कोयंडा वाचला, अर्ध्या दिवसाचं काम वाचलं. खोटं कशाला बोलू?

माझं लहानपण जुन्या नाशकात तांबट लेनजवळच्या वाड्यात गेलं. रात्री वडील दाराला आडणा लावायचे. भिंतीतल्या खोबणीतून ओढायचा आणि समोरच्या भोकात सारायचा. बाहेरून चार माणसांनी धक्के मारले तरी हलायचा नाही, आतून मात्र आम्ही पोरंही तो सारून पळायचो. किल्लीचा संबंधच नव्हता. आता फ्लॅटच्या सेफ्टी डोअरला आतून कुलूप, त्याची किल्ली शोकेसच्या खणात आणि तो खण नेमका कोणता हे एकट्या बाईंना माहीत.

चोराला अडवायचंच, त्याबद्दल वाद नाही. बॉक्स ग्रिलमध्ये माणूस सहज निघेल असं दोन फूट बाय अडीच फुटांचं दार ठेवता येतं. बिजागरीची पिन बाहेरून ठोकून काढता येणार नाही अशी आतल्या अंगाला घ्यायची. वरच्या मजल्यावर नुसती सरकती कडी पुरते, तिच्यावर पत्र्याचं झाकण वेल्ड केलं की बाहेरून हात पोचत नाही. तळमजल्याला कुलूप लागेलच, पण त्याची किल्ली त्याच खोलीत, बाहेरच्या हाताला न सापडेल अशा ठरलेल्या खिळ्याला. जुन्या ग्रिललाही हे दार कापून बसवता येतं. लहान मूल असेल तर आडव्या पट्ट्या घेऊच नका, ते त्यांचीच शिडी करतं. उभे गज आणि मधे चार इंचांहून कमी फट, म्हणजे डोकं जात नाही.

गच्चीच्या दाराचं तर बोलायलाच नको. किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी पुण्याला मुलीकडे.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा 2006 चा कायदा आहे. सोसायट्यांच्या तपासणीत आग विझवायचे सिलिंडर आणि पाण्याचे पाइप पाहतात, तसं महापालिकेच्या अग्निशमन विभागाने बाल्कनीचं ग्रिल आतून उघडतं का, एवढं हाताने उघडून पाहावं, ही विनंती. आम्हा फॅब्रिकेटरांनाही दाराशिवाय बॉक्स ग्रिल करू नका असं बजावावं. एकट्याने नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या शेडमध्ये जातं.

जुन्या डायरीतल्या नंबरांवर मी फोन करतो आहे. कापून दार बसवायची मजुरी घेत नाही, फक्त मालाचे पैसे. आतापर्यंत अकरा घरं झाली, बाकीचे "दिवाळीनंतर बघू" म्हणतात. माझ्या स्वतःच्या घरच्या ग्रिलला पहिल्यापासून दार आहे. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाल्यावर ते उघडायला गेलो, तर दोन पावसाळ्यांच्या गंजाने कडी धरली होती. हातोडीचे सात ठोके लागले.

आपला,
एक फॅब्रिकेटर, अंबड, नाशिक