इथेनॉलला शिव्या घालायच्या आधी तो निळा दिवा बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेले काही आठवडे तुमच्या पेपरात वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलवरून, म्हणजे ई-२० वरून, पत्रांचा नुसता पाऊस पडतोय, नवीन गाडी घेतली, ॲव्हरेज पडत नाही, सरकारने टोपी घातली वगैरे. मीपण नोव्हेंबरात अगदी असलंच एक पत्र लिहून ठेवलं होतं, पाठवायचं राहून गेलं आणि बरं झालं राहिलं, नाहीतर आज हे दुसरं पत्र लिहिताना माझीच लाज निघाली असती.

गाडी आम्ही २०२५ च्या अक्षय्य तृतीयेला घेतली, पेट्रोल हॅचबॅक, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मुद्दा तो नाही. (पाच महिन्यांनी छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, ते दुःख वेगळंच.) कागदावर ॲव्हरेज वीसच्या वर. आता तो आकडा कुठून येतो ते एव्हाना माहीत झालंय, गाडी रोलरवर ठेवून, एसी बंद करून, ठरलेल्या चालीने चालवतात, वेग नव्वदच्या वर जातच नाही, त्यामुळे साताऱ्यात पोवई नाक्यावर आणि राजवाड्याच्या गर्दीत तेवढं मिळणार नाही एवढी अक्कल मलापण आहे. पंधरा मिळाले असते तरी गप्प बसलो असतो. पण अकरा?

सर्व्हिस सेंटरला पहिल्यांदा गेलो तर म्हणाले, सर गाडी नवीन आहे, इंजिन मोकळं व्हायला वेळ लागतो, दुसऱ्या सर्व्हिसिंगनंतर वाढेल. दुसरी झाली, वाढलं नाही. मग म्हणाले ई-२० आहे सर, सगळ्यांचंच कमी झालंय. ते मला इतकं पटलं की मी पुढचे दोन महिने भेटेल त्याला तेच ऐकवत होतो. तिसऱ्या वेळी जरा आवाज चढवला तेव्हा त्यांनी एक पोरगा बरोबर दिला, त्याने गाडी हायवेला काढली, एसी बंद, काचा वर, ट्रिप मीटर झिरो केलं आणि आनेवाडी टोलनाक्याच्या दिशेला पन्नासच्या स्पीडने अशी नेली की मागून उसाचे ट्रॅक्टर हॉर्न देत होते. स्क्रीनवर १७.८ आले. "बघा सर." जॉब कार्डवर काय लिहिलं माहितीये? 'कस्टमर एज्युकेटेड'. चोवीस वर्षं गाडी चालवतोय मी.

त्या रागात एक काम मात्र चांगलं झालं, वही घातली. त्याआधी आपण सगळे करतो तसंच, पाचशेचं टाक, हजारचं टाक, आणि काटा बघून अंदाज. असं ॲव्हरेज निघत नाही हो. टाकी ऑटो कटपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत फुल, ट्रिप झिरो, निदान तीनशे किलोमीटर चालवायची, परत त्याच पंपावर त्याच नोझलने ऑटो कटपर्यंत फुल आणि मग भागाकार. अशा तीन टाक्या केल्या, ११.६ च्या आसपास आलं, आणि गाडीची स्क्रीन त्याच काळात १३.१ दाखवत होती! म्हणजे स्क्रीनवर विश्वास ठेवणाऱ्यांनीपण एकदा हिशोब करून बघा. पंपावर संशय होता म्हणून पाच लिटरचं मापपण मागितलं, ते प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि मागितलं की माप भरून दाखवावं लागतं, पोऱ्याने तोंड वाकडं केलं पण मालकाने भरून दाखवलं, बरोबर खुणेला. पंपवाला सुटला.

मग हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या खांबाला स्टिकर असतं, त्यावर ३३ लिहिलंय, आमच्या चारी चाकात २६-२७. पंक्चरवाल्याकडे दर वेळी "तीस टाक" म्हणायची सवय, आणि त्याचं मीटर काय दाखवतं ते त्यालाच माहीत. हवा बरोबर केली, अलाइनमेंट केली, गाडी सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये ढकलून बघितली की ब्रेक चिकटत नाही ना, चालवून आल्यावर चारी रिमना हात लावला, एखादंच जास्त तापलंय का. काही नाही. ॲव्हरेज बारा. थोडंसं वाढलं पण समाधान नाही.

आता इथेनॉलचा हिशोब सांगतो, कारण सगळं भांडण तिथे अडकलंय. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, आणि मिश्रण वीस टक्के, म्हणजे शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तरी लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातपण जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी सहा-सात टक्केच घट लिहिलेली आहे आणि ई-२० साठी ट्यून केलेल्यांसाठी एक-दोन टक्के. तो एक-दोन टक्के आकडा मला जरा जास्तच गोड वाटतो, आणि ऊर्जा कमी आहे तर भाव का कमी नाही हा प्रश्न मीपण विचारणारच, पण सात टक्के धरले तरी पंधराचे चौदा होतात, बारा नाही होत. उरलेलं कुठे गेलं?

उत्तर सापडलं ते पसरणीच्या घाटात. डिसेंबरात पाचगणीला बहिणीकडे मुक्काम होता, सकाळी साडेसहाला निघालो, चांगली थंडी. गाडी सुरू केली की मीटरवर निळा दिवा लागतो, थर्मामीटर पाण्यात बुडवल्यासारखं चित्र असतं, इंजिन गार आहे असा त्याचा अर्थ, आणि थोड्या वेळाने तो विझतो. आमच्याकडे तो विझायला नेहमीच उशीर व्हायचा पण कोण बघतंय. त्या दिवशी पाचगणीत बाजार ओलांडेपर्यंत विझला होता, आणि घाट उतरताना तिसऱ्या गिअरला गाडी सोडलेली, वाई खाली दिसत होती, तेव्हा तो परत लागला. बायको म्हणाली, अहो हा निळा दिवा काय सांगतोय, आणि हीटर पण गारच येतोय की मघापासून. चालत्या गाडीचं इंजिन गार होतं म्हणजे काय?

साताऱ्यात आल्यावर सर्व्हिस सेंटरला न जाता गोडोलीच्या एका गॅरेजवाल्या दादांकडे गेलो. त्यांनी एरर बघितला, एरर नव्हता, चेक इंजिनचा दिवापण नव्हता, म्हणूनच त्या लोकांचा कॉम्प्युटर दर वेळी 'ऑल ओके' म्हणायचा. दादांनी स्कॅनर लावून ठेवला आणि म्हणाले चला एक चक्कर मारू. वीस मिनिटं चालवूनपण कुलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, टेम्परेचर साठ-बासष्टच्या वर जाईना. "हे पंच्याऐंशी-नव्वदला पाहिजे साहेब. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय." थर्मोस्टॅट म्हणजे एक छोटा व्हॉल्व, इंजिन गार असताना तो बंद राहून पाणी आतल्या आत फिरवतो, इंजिन तापलं की उघडून रेडिएटरकडे सोडतो. आमचा जन्मापासूनच उघडा असावा. पाणी सतत रेडिएटरमधून गार होऊन येतंय, इंजिन कधी पुरतं तापतच नाही, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं आत्ताच स्टार्ट केलीये, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत बसतो, दिवसभर. त्यात आमच्या फेऱ्या शाहूपुरी ते शाळा, अडीच किलोमीटरच्या.

दादांनी एक खूण दाखवली ती कुणालाही घरी करता येईल. सकाळी गार गाडी सुरू करायची, बॉनेट उघडून रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या जाड पाईपला बाहेरून हात लावायचा, फॅन आणि पट्ट्यापासून लांब राहून. पाईप बराच वेळ गार राहून मग एकदम गरम झाला तर ठीक. आमचा पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट. आणि हो, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, भाजतं.

दादांनी पार्ट स्वतः बदलला नाही, म्हणाले वॉरंटी आहे, हक्काने घ्या. स्कॅनरचा व्हिडिओ घेऊन गेलो, या वेळी तक्रार माझ्या शब्दात लिहिल्याशिवाय जॉब कार्डवर सही केली नाही, 'वीस मिनिटांनंतर कुलंट ६२ डिग्री'. चार दिवसांत फुकट बदलून मिळाला. त्याच रस्त्यांवर, त्याच पंपाच्या पेट्रोलवर, त्याच ई-२० वर आता दोन टाक्यांचं ॲव्हरेज १३.९ आहे. महिन्याला नऊशे किलोमीटर धरले तर सुरुवातीच्या मानाने जवळजवळ तेरा लिटर वाचतात, तेराशेच्या वर रुपये.

तुमच्या वार्ताहरांना एक विनंती, पुढच्या वेळी ॲव्हरेजवर बातमी करताना एखाद्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन विचारा की ॲव्हरेजची तक्रार आली की तुम्ही नक्की काय काय मोजता, कुलंटचं टेम्परेचर चालत्या गाडीत बघता का, आणि त्याची प्रिंट गिऱ्हाइकाला देता का. मी विचारलं होतं, पार्ट बदलून दिला त्याच दिवशी. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, तसा फॉरमॅट नाही सर. मग जुना थर्मोस्टॅट तरी दाखवा म्हटलं, तर तो कंपनीला परत गेला होता.

आपला,
एक वाचक, शाहूपुरी, सातारा