कोणते पुस्तक कानांनी, कोणते डोळ्यांनी

पुणे,
१२ जून

प्रिय मुकुंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. डोंबिवलीहून रोजची ये-जा, कचेरी, काकूंची औषधे आणि सानिकाची दहावी यांतून वाचनाला सवड उरत नाही, तेव्हा ऑडिओबुक ऐकावे की ई-रीडर, म्हणजे पडद्यावर पुस्तके वाचण्याचे यंत्र, घ्यावा आणि मुळात ऐकलेल्या पुस्तकाला ‘वाचले’ म्हणता येईल का, असे तू विचारले आहेस. सवड नाही ही तक्रार मला अर्धीच पटते. तुला वेळ मिळतो, मात्र त्यातल्या बऱ्याच वेळात हात गुंतलेले असतात. त्या वेळात बसेल असे पुस्तक निवडता आले, की कोणते यंत्र घ्यायचे हा प्रश्न फारसा अवघड राहत नाही.

तुझ्या शेवटच्या शंकेचे आधी बोलतो. ऐकण्याची पुस्तके घाईत असलेल्या माणसांसाठी जन्मलीच नाहीत. १९३० च्या दशकात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ती अंध वाचकांसाठी तयार होऊ लागली. ब्रिटनमधल्या त्या खटपटीमागे पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक होते, आणि एका कादंबरीसाठी ग्रामोफोनच्या दहाएक तबकड्या लागत. त्या सैनिकांना ‘तुम्ही कादंबरी वाचलेली नाही’ असे कोणी तोंडावर म्हणू धजले असते का? आपल्याकडे तर नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाचा आहे आणि चातुर्मासात एकाने पोथी वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची ही रीत घरोघरी होती. काकूंना मोतीबिंदूमुळे हल्ली वाचवत नाही असे तू मागे लिहिले होतेस. दुपारी त्यांच्या उशाशी फोन ठेवून एखादी कथा लावून दे. या सोयीचा पहिला हक्क खरे तर त्यांचाच आहे.

आता तुझ्या लोकलकडे वळतो. सकाळच्या जलद गाडीत एक हात वरच्या कडीला, दुसरा पोटावर घेतलेल्या बॅगेवर, आणि नशीब असेल तर ठाण्यानंतर चौथी सीट. अशा अवस्थेत फक्त कान मोकळे असतात, तोही एकच, कारण दुसरा स्थानकाच्या घोषणेसाठी राखून ठेवावा लागतो. तेव्हा सकाळी कथा, कादंबरी, आत्मचरित्र, प्रवासवर्णन असेच काही ऐकावे, ज्यात गाडीच्या खडखडाटात चार वाक्ये बुडाली तरी धागा तुटत नाही. तीनशे पानांची कादंबरी ऐकायला साधारण नऊ-दहा तास लागतात. तुझे जाण्या-येण्याचे दोन तास धरले तर ती आठवडाभरात संपते. पुस्तक रात्री घरीच डाउनलोड करून ठेव, वाटेत नेटवर्कच्या भरवशावर राहू नकोस. गती सव्वापट करण्याची सोय असते. माहितीपर पुस्तकाला ती चालते, कथेला मात्र लावू नये, कारण निवेदकाने घेतलेला विराम हाही त्या वाचनाचाच भाग असतो.

ऐकण्याचा एक लाभ मला अनपेक्षितपणे कळला. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी संवाद छापलेल्या पानावर आपण अडखळत वाचतो आणि कंटाळून पुढे सरकतो. तेच संवाद त्या मुलखातल्या माणसाने म्हटले की हेल, आघात, त्यातला तिरकसपणा सगळे आपोआप उलगडते, आणि अर्थ न लागलेला शब्दही संदर्भाने लागतो. उलट निवेदक आकाशवाणीच्या बातम्यांसारखा सगळ्या पात्रांना एकाच सुरात वाचत असेल, तर चांगल्या पुस्तकाचीही माती होते. म्हणून विकत घेण्याआधी पाच मिनिटांचा नमुना ऐकायचाच.

इतिहास, वैचारिक लेखन आणि कविता मात्र कानांनी वाचू नयेत, असे माझे ठाम मत आहे. सनावळी कानात राहत नाही, तळटीप ऐकू येत नाही, आणि कवितेच्या ज्या ओळीवर थांबायचे असते ती आपण थांबण्याआधीच निघून गेलेली असते.

यासाठी ई-रीडर उपयोगी. त्याच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येकीत विरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण. पान उलटताना ते वरखाली होतात आणि मग वीज न खाता जागच्या जागी राहतात. त्यामुळेच बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते आणि भर उन्हातही अक्षर ठसठशीत दिसते. आपल्या वयाला अक्षर मोठे करता येणे हेच मोठे सुख, पण मराठीत एक अडचण होते: लांबलचक सामासिक शब्दांमुळे दोन्ही कडा जुळवलेल्या ओळींत मधे भगदाडे पडतात, तेव्हा मांडणी फक्त डावीकडून जुळवून घे. काही ई-पुस्तके जुन्या छपाईच्या फाँटवरून घाईने युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात, आणलेली असतात आणि त्यांत रफार एकीकडे, वेलांटी दुसरीकडे गेलेली दिसते. इथेही नमुन्याची पाने चाळूनच पैसे मोजावेत.

डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर मराठी पुस्तके आली, २०१७ च्या अखेरीस वर्गणीवर पुस्तके ऐकवणारे स्टोरीटेल भारतात आले, आणि पुस्तके विकणारे बुकगंगा तर आपल्या पुण्याचेच. फुकटही पुष्कळ मिळते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी खुले होते; साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन मुक्त आहे. अशी पुस्तके बहुधा स्कॅन केलेल्या पीडीएफ स्वरूपात असतात आणि सहा इंची पडद्यावर ती वाचणे म्हणजे शिक्षा. ती संगणकावर किंवा टॅबवरच उघड.

एक सावधगिरी. मासिक वर्गणी थांबली की तिच्यावर मिळालेली पुस्तकेही जातात, आणि विकत घेतलेले ई-पुस्तकही कागदी प्रतीसारखे आपल्या मालकीचे नसते. २००९ मध्ये हक्कांचा घोटाळा निघाल्यावर ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची विकलेली पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली होती. पैसे परत दिले, नंतर माफी मागितली आणि पुस्तके परत देऊही केली, पण विकलेले पुस्तक असे परस्पर काढून घेता येते हे तर दिसलेच. म्हणून जे पुन्हापुन्हा उघडावेसे वाटते किंवा सानिकाच्या हाती द्यावेसे वाटते, ते मी अजून कागदावरच घेतो. दिवाळी अंकही कागदीच, नाहीतर आपण वर्षानुवर्षे करत आलो ती अदलाबदल कशी करणार?

ई-रीडरवर लगेच हजारो रुपये घालू नकोस. आधी महिनाभर फोनवर ऐकून बघ, आणि सुरुवात तू पूर्वी वाचलेल्या पुस्तकापासून कर, म्हणजे घाटकोपरला गर्दीच्या रेट्यात दोन पाने निसटली तरी बिघडणार नाही. कॉलेजात ज्या कादंबरीवरून तू माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होतास, ती आता ऑडिओत मिळते. शेवटाबद्दल माझे मत तेव्हाचेच आहे. तुझे बदलले का, ते कळव.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, चि. सानिकाला अनेक आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर