गोल्फ परवडेल, पण हिरवळीचा हट्ट सोडावा

महोदय,

ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फपटू अदिती अशोकचे ब्राँझपदक एका फटक्याने हुकले. तेव्हापासून मुलांसाठी, विशेषतः मुलींसाठी, गोल्फची चौकशी करणारे पालक सोलापुरातही भेटू लागले आहेत. दोन-तीन वाक्यांत गाडी खर्चावर येते आणि विषय तिथेच संपतो. हा खेळ महागतो तो मुख्यतः हिरवळीमुळे आणि पहिल्याच दिवशी घेतलेल्या क्लबच्या, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांच्या, अख्ख्या सेटमुळे. सुरुवातीला या दोन्हींची गरज नसते.

आधी पाण्याचे बोलू. १८ होलच्या मैदानाला सव्वाशे-दीडशे एकर लागतात. त्यातली ५० एकर हिरवळ उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर भिजवायची म्हटली, तर दिवसाला दहा लाख लिटर पाणी हवे. घरच्या नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहराने असे मैदान मागूच नये.

कोरड्या प्रदेशांत यावर पूर्वापार उपाय आहे तो वाळूच्या ‘ब्राऊन’चा. होलभोवतीच्या गुळगुळीत गवती ग्रीनऐवजी साधारण ८ मीटर त्रिज्येचे गोल वाळूचे अंगण करायचे. आपल्याकडच्या काळ्या मातीवर ते थेट केले, तर उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात माती फुगून पृष्ठभाग उंचसखल होतो. म्हणून फूटभर माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून रोलरने दाबावा, कडेकडे किंचित उतार ठेवावा आणि वर चाळलेल्या बारीक वाळूचा दोन-अडीच सेंटिमीटरचा थर द्यावा. वाळू उडू नये म्हणून जळके ऑइल मिसळण्याची जुनी पद्धत आहे, ती कृपया कोणी वापरू नये. ऑइल जमिनीत मुरते, पावसात ओढ्याला जाते. सकाळी हलके पाणी शिंपडून रोलर फिरवला की पुरते. पाणी जास्त झाले तर चेंडू रुततो, कमी पडले तर वाळू वाऱ्यावर जाते. चौरस मीटरला दोन लिटर धरले, तरी सहा होलच्या छोट्या मैदानातल्या सहा ब्राऊनना मिळून अडीच हजार लिटरच्या आत भागते. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा आतला व्यास किंचित कमी भरतो, पण सरावाला तो तुकडा चालतो.

साहित्याचेही तसेच. नियमात १४ क्लब ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नव्हे. पहिले सहा महिने सात नंबरचे आयर्न (मधल्या अंतराच्या फटक्याला), एक वेज (जवळच्या उंच फटक्याला) आणि पटर (चेंडू होलमध्ये ढकलायला) पुरेत, तेही वापरलेले. ग्रिप कडक, चकचकीत झाली असेल तर घाबरू नका, दुहेरी चिकटपट्टी आणि थिनरने ती घरीही बदलता येते. मात्र हेड (चेंडूवर आदळणारे टोक) पिळून पाहताना कट्‌ असा आवाज आला किंवा ग्रॅफाइटच्या दांड्याला तडा दिसला, तर तो क्लब फुकटही घेऊ नये. मोठ्यांचा क्लब कापून मुलांना देणे ही सर्रास होणारी चूक. दांडा आखूड झाला की ताठ होतो, हेडचे वजन तेवढेच राहते आणि मूल अंग झोकून फटका मारायला शिकते. ती सवय मोडताना फार त्रास होतो.

गच्चीवर किंवा शाळेच्या आवारात जाळी लावणाऱ्यांनी क्रिकेटची जाळी वापरू नये. गोल्फचा चेंडू जेमतेम ४२.६७ मिलिमीटरचा, मोठ्या छिद्रांतून तो थेट शेजाऱ्याच्या खिडकीत जातो. छिद्र २५ मिलिमीटरपेक्षा मोठे नको. जाळी ताणून बांधली तर चेंडू उलट अंगावर येतो, म्हणून ती सैल सोडावी. काँक्रीटवर पातळ मॅट टाकून खेळल्यास मनगट आणि कोपर दुखावते. खाली जाड रबर हवेच.

महापालिका, विद्यापीठ किंवा एखाद्या शिक्षणसंस्थेने चार-पाच एकर मुरमाड जागा दिली, तर ५० ते ९० मीटर लांबीचे सहा होल (सुरुवातीच्या जागेपासून खळग्यापर्यंतचे पट्टे) सहज बसतात. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, मॅट, मधल्या पट्ट्यात पावसाचे येईल ते गवत. रोख उत्तर-दक्षिण ठेवावा, म्हणजे संध्याकाळचे ऊन डोळ्यांवर येत नाही. ड्रायव्हरला (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबला) पूर्ण बंदी असावी आणि रस्त्याच्या दिशेने एकही होल नसावा. क्लब संस्थेने घ्यावेत आणि मुलांना तासाच्या भाड्याने द्यावेत. मुरूम भरून रोलर फिरवायचे काम पावसाळ्याआधी उरकले, तर पहिल्या पावसात जमीन कुठे बसते ते कळते आणि वाळू टाकण्यापूर्वी ती दुरुस्त करता येते.

– एक गोल्फप्रेमी, विजापूर रोड, सोलापूर