ताई, लेख ‘टगबोट’कडे गेला!

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

लेख गेला. सगळ्या फायली एका झिपमध्ये बांधून ‘टगबोट’कडे पाठवल्या आणि तिकडून पोचही आली. फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही “झालं का, बरं झालं” म्हणालात आणि लगेच सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीवर घसरलात. लेखाच्या शेवटी आभाराच्या ओळीत नाव घालू का विचारलं, तर “उगाच काहीतरी” म्हणून उडवून लावलंत. म्हणून हे पत्र असं उघड्यावर आणि बिननावाचं. लाटेकमध्ये, म्हणजे लेख-पुस्तकांची पानं संगणकावर आज्ञा देऊन जुळवणाऱ्या प्रणालीत, लिहिणारी मराठी मंडळी आता बरीच झाली आहेत. तुम्ही मला जे दिलंत त्यातलं थोडं त्यांच्याही उपयोगी पडेल, तेव्हा रागावू नका.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ‘टगबोट’ हे टेक यूजर्स ग्रुप या संस्थेचं नियतकालिक. १९८० साली सुरू झालं, वर्षाला तीन अंक निघतात, आणि बार्बरा बीटन यांनी १९८३ पासून कित्येक वर्षं त्याच्या संपादनाची धुरा वाहिली. डोनाल्ड कनूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीवर (लाटेक तिच्यावरच उभं आहे) जीव असलेली माणसंच त्यात लिहितात, तीच ते वाचतात आणि हौसेने त्याची पानंही तीच लावतात. लेखाचा हक्क लेखकाकडेच राहतो. विषय अक्षरजुळणीचा, त्यामुळे वाचणारा जवळजवळ प्रत्येक जण मनाने मुद्रितशोधक. अशा ठिकाणी लेख पाठवायचा तर तो आधी तुमच्यासारख्या कुणाच्या तरी नजरेखालून जायला हवा होता. सोनारानेच कान टोचावेत. तुमची उमेदीची वर्षं खिळ्यांच्या छापखान्यात आणि पुढची सगळी गणिताच्या परदेशी नियतकालिकांची मुद्रितं वाचण्यात गेली. तुमच्याहून बरा सोनार मला पुण्यात तरी ठाऊक नाही.

या नियतकालिकाचा स्वतःचा एलटगबोट नावाचा क्लास, म्हणजे पानाची मांडणी ठरवणारी फाइल, आहे. टेक लाइव्ह हा टेकचा तयार संच बसवला की तो आपल्या संगणकावर आलेलाच असतो. त्याची मार्गदर्शिका त्याच क्लासमध्ये जुळवलेली आहे, त्यामुळे तिची मूळ फाइल उघडली की नमुना समोर दिसतो. शीर्षक, लेखक, पत्ता, ईमेल यांच्या वेगवेगळ्या आज्ञा आहेत. पत्ता वर छापत नाहीत, तो लेखाच्या शेवटी सहीसारखा येतो. एवढं मी वाचून तयार होतो आणि त्याबद्दलच तुम्हाला विचारायला आलो होतो.

तुम्ही मात्र क्लासचं नावही काढलं नाहीत. छापील प्रत मागितलीत, कपाळावरचा चष्मा खाली घेतलात आणि विचारलंत, “ही फाइल तिकडे जो उघडेल, त्याला मराठी येतं?”

नाही, म्हटलं.

“मग ‘श’ भलताच उमटला तर त्याला कळणार कसं?”

लेखाची पुढची सगळी तयारी या प्रश्नाभोवती झाली. माझा लेख लुआलाटेकमध्ये, म्हणजे लाटेकच्याच एका अवतारात, देवनागरी जुळवण्याबद्दलचा. मजकूर इंग्रजी, उदाहरणं मराठी. इंग्रजीत एखादं अक्षर गळलं तर संपादक तिथल्या तिथे पकडेल. मराठीतलं अक्षर गळलं, बदललं किंवा दुसऱ्याच वळणाचं आलं तर त्याच्या दृष्टीने ती नक्षीच. एक पाकळी कमी काय, जास्त काय! आणि टेकची खोड अशी की फाँटमध्ये अक्षर नसलं तरी ते काम थांबवत नाही. तिथे जागा कोरी ठेवतं किंवा रिकामी चौकट काढतं आणि लॉग फायलीत, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, ‘मिसिंग कॅरॅक्टर’ अशी एक ओळ टाकून पुढे जातं. हजार ओळींच्या लॉगमध्ये ती कोण वाचतो?

“कोडच्या चौकटीतलं मराठी आधी बघ,” तुम्ही म्हणालात. लाटेक न वापरता हे तुम्हाला कसं सुचलं, याचं मला अजून नवल वाटतं. कोड टंकलेखनी वळणाच्या फाँटमध्ये जातं आणि त्या फाँटमध्ये देवनागरी नसते. मुख्य मजकुरात मराठी झकास दिसतं, कोडमध्ये मात्र गायब. मग चौकटीसाठी देवनागरी फाँट वेगळा सांगितला आणि फायलीच्या सुरुवातीला ‘ट्रेसिंग-लॉस्ट-कॅरॅक्टर्स’ची किंमत ३ ठेवली. टेक लाइव्ह २०२१ पासून या किमतीला हरवलेलं अक्षर ही सरळ चूक धरली जाते आणि पडद्यावर ओरड होते. म्हणजे मराठी न येणाऱ्या माणसालाही अक्षर हरवल्याचं समजतं.

‘श’ आणि ‘ल’ची गोष्ट याहून नाजूक. युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदी ‘ल’ एकच आहे. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हवा असेल तर फाँटला भाषा मराठी आहे असं सांगावं लागतं, आणि फाँटमध्येही ती सोय असावी लागते. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ही रूपं मराठीसाठी ठरवून दिलेली आहेत, पण परदेशातल्या संपादकाने ती का ओळखावीत? भाषेचा तो एक शब्द फायलीतून निसटला तर कुठेही चूक दाखवली जात नाही, लॉग अगदी स्वच्छ राहतो, आणि मराठीबद्दलचा लेख हिंदी वळणाच्या अक्षरांत छापून मोकळा होतो.

यावर तुम्ही काढलेला तोडगा तुमच्या छापखान्यातला. लेखासोबत एक जादा पान जोडायला लावलंत. त्यावर प्रत्येक मराठी उदाहरणाला क्रमांक, शेजारी ते कसं दिसायला हवं त्याचं मोठं चित्र, आणि खाली ओळभर इंग्रजी टीप: इथे पाकळ्या दोन हव्यात, इथे उभा दांडा नको. ज्याला लिपी वाचता येत नाही तोही दोन चित्रं ताडून बघू शकतो. तुम्हीच म्हणालात, की पूर्वी छापखान्यातले कित्येक जुळारी न समजणाऱ्या भाषेतला मजकूरही असाच आकार ताडून जुळवायचे. हे पान छापायचं नाही, फक्त लेखाची पानं लावणाऱ्यासाठी आहे. कुठल्याही मार्गदर्शिकेत मला असं काही सापडलं नसतं.

मग ‘दऱ्या’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. लेखात हे दोन शब्द शेजारी शेजारी होते आणि तुमची पेन्सिल तिथेच थांबली. हा चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे टाइप करता येतो. एकात साध्या ‘र’नंतर हलन्त आणि त्याच्यामागे डोळ्यांना न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत असतो. दुसऱ्यात ‘ऱ’ हे युनिकोडमधलं ०९३१ क्रमांकाचं स्वतंत्र अक्षर असतं. कागदावर दोन्ही सारखेच. तुम्ही विचारलंत, “जे दिसतच नाही ते मी तपासू कसं?” खरंच आहे. न दिसणारं चिन्ह टंकनाच्या एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात चिकटवताना केव्हा गळेल याचा नेम नाही, आणि गळलं की डोंगरातल्या दऱ्यांचा थेट समुद्र होतो. लेखभर ‘ऱ’ वापरला आणि तसं लेखातही लिहिलं.

फाँटचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. माझ्या आवडीचा फाँट विकतचा आहे, तो दुसऱ्याला पाठवता येत नाही. टेक लाइव्हमध्ये शोभिका आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेला हा मुक्त फाँट ११०० च्या वर जोडाक्षरं घेऊन येतो. ज्यांच्याकडे टेक लाइव्ह आहे त्यांना वेगळं काही बसवावं लागत नाही. तो थोडा जाड दिसतो हे तुमचं म्हणणं मला पटतं, पण समोरच्याकडे हमखास असणं हा त्याचा मोठा गुण.

ज्यावर तुम्ही सर्वांत जास्त वेळ दिलात ते म्हणजे रुंदी. ‘टगबोट’चं पान दोन स्तंभांचं. एक स्तंभ १८.७५ पायका, म्हणजे साधारण आठ सेंटिमीटर. पायकाचे पॉइंट बारा. दहा पॉइंटाच्या टंकलेखनी कंप्युटर मॉडर्न या फाँटमध्ये प्रत्येक अक्षर सव्वापाच पॉइंट जागा घेतं. तुम्ही पेन्सिलीने समासात भागाकार केलात आणि लिहिलंत: ४२. कोडच्या एका ओळीत ४२ अक्षरं मावतात, त्रेचाळिसावं शेजारच्या स्तंभाकडे झुकणार. मी म्हटलं, कोडचा टाइप बारीक करू. तुम्ही म्हणालात, “वाचणाऱ्याने भिंग आणायचं का?” शेवटी प्रत्येक लांब ओळ हाताने, अर्थ बघून तोडली. कंस कुठे उघडतो, स्वल्पविराम कुठे येतो, ते पाहून. तशी तोडल्यावर कोड आधीपेक्षा सुबोध झालं, हे कबूल करायला हवं. वेब पत्ते मात्र अजूनही स्तंभात नीट मावत नाहीत. त्यांचं काय करायचं ते संपादक बघतील.

बाकीचं भराभर सांगतो. संक्षेपानंतरचा टिंब आणि वाक्याचा पूर्णविराम टेकला वेगळे सांगावे लागतात. ‘आकृती’ आणि तिचा आकडा यांच्यामध्ये न तुटणारी जागा हवी. चित्रं रेषांची, पीडीएफमध्ये, आणि अर्थ रंगावर अवलंबून नको, कारण छापताना रंग टिकेलच असं नाही. सारांशात स्वतः बनवलेली एकही आज्ञा नको, कारण सारांश लेखापासून सुटा होऊन इतरत्रही जातो. प्रिअँबलमधल्या, म्हणजे मजकुराआधीच्या सूचनांमधल्या, प्रत्येक ओळीला तुम्ही “ही कशाला?” विचारलंत, आणि उत्तर नसलेल्या ओळी गेल्या. उरलेल्यांसाठी ‘लिस्टफाइल्स’ ही आज्ञा घातली. ती प्रत्येक पॅकेजची तारीख आणि आवृत्ती लॉगमध्ये लिहून ठेवते, म्हणजे तिकडे काही वेगळं उमटलं तर दोन याद्या ताडता येतात.

संदर्भसूचीत एक मजेशीर प्रकार निघाला. सूची तयार करणारं जुनं बिबटेक अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. देवनागरी अक्षर तीन बाइटांचं. लेखकाच्या नावाचं आद्याक्षर काढायला सांगितलं की ते पहिला बाइट कापून देतं, आणि तो एकटा बाइट म्हणजे कचरा. म्हणून मराठी लेखकांची नावं सूचीत रोमन लिपीत दिली आणि देवनागरी रूप नोंदीच्या टीपेत ठेवलं. हे बघून तुम्ही खळखळून हसलात. “आद्याक्षराचा तुकडा पाडणारं यंत्र आमच्या छापखान्यात टिकलं नसतं.”

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही. पानाच्या तळाशी शीर्षक पडून त्याखाली एकच ओळ येत होती, ती तुम्हाला बघवेना. तुम्ही तिथे स्तंभ तोडायची खूण केलीत, शेजारी दोन उद्गारचिन्हंही. तुमच्या जागी ते बरोबरच होतं, कारण तुमच्या हाती यायचं ते शेवटचं मुद्रित. पण संपादक एक वाक्य बदलतील आणि सगळ्या ओळी सरकतील. मग माझी सक्तीची तोड अर्ध्या स्तंभात येऊन बसेल आणि ती कुणी घातली हे त्यांना शोधत बसावं लागेल. म्हणून पानं तोडायचं काम त्यांच्याकडेच ठेवलं. तुम्ही दोन दिवस फुरंगटलात, पण हे तुमच्याच पहिल्या प्रश्नातून आलं होतं: फाइल तिकडे कोण उघडणार?

या सगळ्यात तुम्ही कीबोर्डला हात लावला नाहीत. खुणा केल्यात, पेन्सिलीने, समासात, आणि प्रत्येक खुणेचं कारण विचारलं तर सांगितलंत. दुरुस्ती माझी मीच केली. मानधनाचा विषय काढला तर चहा थंड होतोय म्हणालात. त्या पेन्सिलीच्या खुणांचे कागद मी फाइल करून ठेवलेत. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी त्यांच्या झेरॉक्स मागून नेल्या आहेत, हे तुम्हाला न विचारता दिलं, एवढं चालवून घ्या.

मनापासून आभार, ताई.

पुढचा खर्डा सुरू केलाय, मराठी सूचीच्या अकारविल्ह्यांचा. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी ‘ळ’नंतर ठेवायचे की ‘क’ आणि ‘ज’च्या पोटात, यावर कोशाकोशांत एकमत नाही, आणि सूची बनवणाऱ्या आज्ञावलीला तर एकच काहीतरी ठरवून सांगावं लागतं. तुमचं मत हवंय. रविवारी टाकीवाला येणार नसेल तर सकाळी येतो, छापील प्रत घेऊन.

आपला,
तुमच्या खालच्या मजल्यावरचा लाटेकवाला