तक्रार समजून घेणारे माणूस ठाण्यात हवे

मा. संपादक,
स. न.

बौद्धिक दिव्यांग मुलांना मी कोल्हापुरात 26 वर्षे शिकवले. अठराव्या वर्षी शाळा सुटल्यावर कार्यशाळेत मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या करू लागलेले माझे विद्यार्थी आज तिशी-चाळिशीत आहेत. त्यांच्या आई-वडिलांच्या मनात एक भीती कायम असते, पण पालकसभेत ती कोणी बोलून दाखवत नाही. आपल्या लेकराच्या अंगाला कोणी वाईट हेतूने हात लावला, तर ते आपल्याला सांगू शकेल का?

माझ्या एका विद्यार्थिनीला ते सांगता आले नाही. ही वयाने प्रौढ मुलगी एके दिवशी नेहमीच्या रिक्षात बसेना. आम्ही तो हट्ट समजलो, आणि मीच तिचा हात धरून, समजूत घालून तिला पुन्हा त्याच रिक्षात बसवले. ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही. बऱ्याच दिवसांनी प्रकार उघडकीस आला, तेव्हा तक्रार लिहून घेणारे अंमलदार तारीख विचारत होते आणि ती ‘गल्लीतनं टेंबलाईला पाणी नेलं, त्या दिवशी’ एवढेच पुन्हा पुन्हा सांगत होती. आषाढातल्या कोणत्या मंगळवारी किंवा शुक्रवारी त्या गल्लीने प्रथेप्रमाणे पंचगंगेचे पाणी टेंबलाई देवीला वाहिले, हे शेजारपाजारच्या कोणालाही विचारून कळले असते. पण तिचे उत्तर असंबद्ध ठरले, घरच्यांनी अब्रूच्या धास्तीने माघार घेतली आणि प्रकरण तिथेच मिटले.

वास्तविक कायद्याने यावर उपाय सांगितलेला आहे. 2013 च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने आणि आता 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 ने, मानसिक किंवा शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या महिलेची लैंगिक अत्याचाराची तक्रार तिच्या घरी अथवा तिला सोयीच्या ठिकाणी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवून तिचे चित्रीकरण करणे पोलिसांना बंधनकारक केले आहे. साक्षीदार दिव्यांग आहे एवढ्याच कारणाने तिची साक्ष कमी प्रतीची मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बजावले आहे. मात्र माझ्या ओळखीच्या विशेष शिक्षकांपैकी एकालाही अशा कामासाठी पोलीस ठाण्यातून कधी बोलावणे आलेले नाही.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आणखी एक आधार सुटतो. बालकावरील अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना दिलीच पाहिजे, अशी पोक्सो कायद्यात सक्ती आहे. परंतु या कायद्यातील वय म्हणजे जन्मतारखेवरून मोजलेले वय, मानसिक वय नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम करणारे दिव्यांगत्व) असलेल्या एका 38 वर्षांच्या महिलेच्या प्रकरणात स्पष्ट केले. प्रौढांसाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 7 नुसार कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतो, पण ही वाट किती पालकांना ठाऊक आहे? प्रौढ मुलग्यांची स्थिती तर अधिकच बिकट आहे, कारण आपल्या कायद्यात बलात्काराची व्याख्याच केवळ स्त्रीपुरती आहे.

दोष एकट्या पोलिसांचा नाही, हे मला कबूल केलेच पाहिजे. आम्ही शिक्षकांनी या मुलांना वर्षानुवर्षे ‘मोठ्यांचे ऐकायचे’ एवढेच शिकवले, ‘नाही’ म्हणायला शिकवलेच नाही. शरीराच्या अवयवांची नावे शिकवू लागलो, की ‘तिला काय कळतंय, उगाच नको ते डोक्यात घालू नका’ असे आईच म्हणायची. ज्या अवयवाला मुलीकडे शब्दच नाही, त्याला झालेली इजा तिने कोणत्या शब्दांत सांगावी? काही पालक गर्भपिशवी काढून टाकण्याबद्दल विचारायला येतात आणि मला त्यांची अगतिकता समजते. पण त्या शस्त्रक्रियेने गर्भधारणा टळते, अत्याचार टळत नाही, उलट तो उघडकीस येण्याची एक शक्यता मात्र कमी होते. मुलीला घरात कोंडून ठेवण्यानेही सुरक्षितता येत नाही, कारण अत्याचार करणारा पुष्कळदा घरातला किंवा घरोब्यातलाच असतो. शिवाय या प्रौढांनाही मैत्री हवी असते, कोणी आवडते, आणि त्यांचा तो हक्क भीतीपोटी हिरावून घेणे मला मान्य नाही.

बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या कल्याणासाठी असलेल्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक समितीचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. त्यांनी आणि पोलीस अधीक्षकांनी मिळून जिल्ह्यातील विशेष शिक्षकांची, दूरध्वनी क्रमांकांसह, एक यादी करून ती प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि सीपीआर या सरकारी रुग्णालयात लावावी, एवढी माझी विनंती आहे. कार्यशाळा चालवणाऱ्या संस्थांनी शरीराची ओळख आणि नकार देण्याचा सराव हे विषय दर आठवड्याला घ्यावेत, आणि एखादी मुलगी अचानक रिक्षात बसेनाशी झाली, तर तिला बळेच बसवण्याआधी कारण शोधावे.

अशी यादी होणार असेल, तर तिच्यात माझे नाव घालावे. रात्री-अपरात्री बोलावले तरी मी येईन.

— एक निवृत्त विशेष शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर
(विद्यार्थिनीची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती. नाव व पत्ता सोबत दिला आहे.)