टॅब घ्या, पण पैशांचे व्यवहार फोनवरच ठेवा

ती. आई-बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

टॅब घ्यावा की नको, असं तुम्ही दोघांनी विचारलंत. माझं मत स्पष्ट आहे: घ्या. पण घरात बसून वाचायला, पाहायला आणि बोलायला घ्या, फोनच्या जागी म्हणून नाही. आणि आपल्याकडे समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. खाऱ्या हवेत आणि पावसाळ्याच्या दमटपणात ही वस्तू नीट सांभाळली तर चार-पाच वर्षं टिकते, नाहीतर दुसऱ्याच पावसाळ्यात चार्जिंगचं तोंड सडतं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आई, तुझ्या फोनवर अक्षर मोठं केलं की एका ओळीत जेमतेम तीन-चार शब्द मावतात, आणि लहान केलं की रफार, अनुस्वार, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. ११ इंची पडद्यावर तेच अक्षर दीडपट मोठं ठेवूनही पूर्ण ओळ दिसते. वर्तमानपत्राचं अख्खं पान मात्र तिथेही एका नजरेत वाचता येणार नाही, दोन बोटांनी मोठं करून सरकवावंच लागेल. बाबा, तुम्हाला खरा उपयोग होईल तो सातबाऱ्याला. आपल्याकडच्या सामाईक खात्यांत नावांची रांगच्या रांग असते. फोनवर एक रकाना दिसतो तेव्हा दुसरा पडद्याबाहेर गेलेला असतो. सरकारच्या जमीन-नोंदींच्या महाभूमी साइटवर १५ रुपये भरून काढलेला डिजिटल सहीचा उतारा टॅबवर आडवा धरून उघडा. गट नंबर, क्षेत्र आणि खातेदार एकत्र दिसतील, फेरफाराचा नंबरही शोधावा लागणार नाही. गणपतीच्या रेल्वे तिकिटांचंही तसंच. आता आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं, तेव्हा प्रवाशांची नावं आणि वयं एकाच पडद्यावर तपासता येणं फार सोयीचं पडतं. ओटीपी फोनवर येईल, तो शेजारी ठेवा.

टॅब हातात धरून वाचू नका. ११ इंची टॅबचं वजन जवळपास अर्धा किलो असतं, कव्हर घातलं की आणखी वाढतं. पंधरा मिनिटांत अंगठ्याचं मूळ आणि मनगट दुखू लागतं, आणि झोपून वाचताना तो हातातून निसटून तोंडावर पडतो. उभं राहणारं कव्हर किंवा लाकडी स्टँड हवाच. बाबा, तुमचा चष्मा बायफोकल आहे, म्हणून स्टँड उंच ठेवू नका. टॅब डोळ्यांच्या रेषेत आला की खालच्या काचेतून बघायला तुम्ही हनुवटी वर करणार आणि दोन दिवसांत मान धरणार. टेबलावरच, जरासा मागे कललेला, हातभर अंतरापेक्षा थोडा जवळ ठेवा. आणि व्हिडिओ कॉलला ओटीवर बसाल तेव्हा अंगणाकडे पाठ करू नका. मागून उजेड आला की आम्हाला तुमची नुसती काळी आकृती दिसते.

आता पैशांचं. सिम नसलेला, फक्त वायफायवर चालणारा टॅब घ्यावा असं मी मुद्दाम म्हणते. यूपीआयचं अॅप सुरू करताना त्याच उपकरणातल्या सिमवरून बँकेला मेसेज जातो. सिमच नाही म्हणजे यूपीआय नाही, आणि बरीचशी बँकेची अॅपही नाहीत. काहींना ही उणीव वाटते, मला तीच मोठी सोय वाटते. ‘आज रात्री वीज तोडणार’, ‘चलन भरा’, ‘लग्नाची पत्रिका पाठवली आहे’ असं सांगून एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये नवं अॅप बसवणारी) पाठवणारे किंवा पडदा शेअर करायला लावणारे लोक बँकेच्या अॅपवर आणि ओटीपीवर टपलेले असतात. टॅबवर ते दोन्ही नसतील तर चुकून काही उघडलं गेलं तरी नुकसान आटोक्यात राहतं. म्हणून टॅबवर बँकेचा पासवर्ड कधीच टाकू नका, एटीएम कार्डाचा फोटोही ठेवू नका. फसवणुकीची शंका आली तर लगेच फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

याची दुसरी बाजू नीट लक्षात ठेवा. वायफायच्या टॅबवरून ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लागत नाही, साधा फोनही लागत नाही. रात्री उशाशी फोनच हवा, टॅब नव्हे. विजांचा इशारा देणारं पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अॅपही फोनवरच ठेवा, कारण वादळात आधी लाईट जाते, तिच्याबरोबर वायफाय जातं, आणि ज्या वेळी इशारा हवा नेमका त्याच वेळी टॅब मुका होतो.

व्हॉट्सअॅप टॅबवर फोनला जोडून वापरता येतं. टॅबवर अॅप उघडलं की चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड दिसेल. मग फोनवरच्या व्हॉट्सअॅपमध्ये वरचे तीन ठिपके दाबून ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जा, ‘लिंक अ डिव्हाइस’ दाबा आणि फोनचा कॅमेरा त्या कोडवर धरा. आईचंच खातं जोडा, कारण व्हिडिओ कॉल तिच्याच नंबरवर येतात. फोन १४ दिवस वापरलाच नाही तर टॅबवरचं व्हॉट्सअॅप आपोआप बाहेर पडतं. तसं झालं तर घाबरू नका, हेच परत करायचं. टायपिंगसाठी जीबोर्डमध्ये, म्हणजे गुगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी भाषा जोडून घ्या. माइकचं चिन्ह दाबून बोललं की मजकूर उमटतो, आणि बोटाने अक्षर गिरवून लिहायचीही सोय आहे. आई, तुझं अक्षर चांगलं आहे, तुला गिरवणंच जास्त आवडेल.

आता मुख्य गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. दिवसभर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. ते चार्जिंगच्या टाइप-सी तोंडात बसतात आणि हवेतली ओल धरून ठेवतात. त्या ओलीत चार्जर लावला की आतल्या बारीक पिनांमधून वीज वाहते आणि धातू झपाट्याने गंजतो. आधी पिना काळपट होतात, मग हिरवट, आणि शेवटी केबल एका ठरावीक कोनात धरली तरच चार्ज होतं. म्हणून टॅब ओटीवर किंवा पडवीत चार्ज करू नका, माजघरातच करा. चार्ज झाला की केबल काढा, ती तशीच लोंबकळत ठेवू नका. महिन्यातून एकदा टॅब पूर्ण बंद करून कोरड्या मऊ टूथब्रशने तोंड हलकं झाडा. सुई, टाचणी नको, आणि तोंडाने फुंकरही नको, कारण फुंकरीतही ओल असते.

पावसाळ्यात कधीतरी पडद्यावर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह येईल आणि चार्जिंग होणार नाही. तो बिघाड नव्हे, ते संरक्षण आहे. केबल काढा, तोंड खाली करून टॅब दोन-चार तास पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर नको, चुलीजवळ नको. आणि कोणी काही म्हणो, तांदळाच्या डब्यात तर अजिबात नको. तांदळाची पिठी तोंडात जाऊन ओलीबरोबर तिचा लगदा होतो आणि काम दुप्पट वाढतं.

त्यापेक्षा सिलिका जेलच्या पुड्या घ्या. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात ५० ग्रॅमच्या दोन-तीन पुड्या पुरतात. आषाढ-श्रावणात रात्री टॅब त्यात ठेवा. नारिंगी दाणे ओल शोषून हिरवट झाले की पुडीतून काढून जुन्या पत्र्याच्या झाकणात पसरा आणि अगदी मंद आचेवर रंग परत येईपर्यंत तापवा. ते झाकण मग स्वयंपाकाला वापरायचं नाही. तुम्ही महिनाभर आमच्याकडे याल तेव्हा टॅब निम्मा चार्ज करून, बंद करून याच डब्यात ठेवून या. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा ठेवलात तर बॅटरी लवकर खराब होते.

कव्हर कापडी किंवा रेक्झिनचं घेऊ नका, जुलैत त्याच्या आतून बुरशी धरते. रबरासारखं टीपीयूचं घ्या आणि आठवड्याला काढून दोन्ही बाजू पुसा. पडदा पुसायला चष्म्याचं कापड साध्या पाण्यात जेमतेम ओलसर करा, मग कोरड्याने पुसा. काच पुसायचे फवारे आणि स्पिरिट वापरल्यास पडद्यावरचा तेलकटपणा रोखणारा थर उडतो. ओल्या हाताने बोट लावलं तर पडदा भलतंच काही उघडतो. पाणीही बोटासारखंच विजेचा भार वाहून नेतं, त्यामुळे पडद्याला बोट आणि थेंब यातला फरक कळत नाही. मासे साफ करताना किंवा नारळ खवताना फोन आला तर आधी हात पुसा. दुकानात ‘आयपी ६८, पाण्यात पडला तरी चालेल’ असं सांगतील. आयपी ६८ हा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा. त्याची चाचणी गोड्या पाण्यात होते, समुद्राच्या नव्हे, आणि पाण्याने झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.

बॅटरीला सर्वांत वाईट म्हणजे उष्णता. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली, खिडकीत किंवा उशीवर ठेवून चार्ज करू नका. सेटिंगमध्ये बॅटरी प्रोटेक्शन असेल तर ८० टक्क्यांवर थांबवा. चार्जर १५ वॅटचा असेल तर पूर्ण भरायला साधारण अडीच-तीन तास लागतात. फोनचा जुना चार्जर लावलात तर त्याहून बराच वेळ जाईल. पडद्याची कड उचललेली दिसली, किंवा टॅब टेबलावर सपाट न बसता डुलू लागला, तर बॅटरी फुगली आहे असं समजा. चार्ज करणं तिथेच थांबवा, दाबू नका, कपाटात ठेवू नका, मला फोन करा. टॅबचे पार्ट तालुक्याला मिळणं कठीण, रत्नागिरी किंवा कोल्हापूर गाठावं लागतं, म्हणून सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारूनच कंपनी ठरवू.

वैशाखातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजांचं आता. ढग गडगडू लागले की वेळीच टॅबचा चार्जर आणि राउटरचा प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. इंटरनेटच्या फायबर केबलमधल्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून येते. वीज अगदी डोक्यावर कडाडत असेल तर मात्र प्लगला हात लावायला जाऊ नका.

यावर एक चांगला उपाय आहे: राउटरचा छोटा यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर राउटर चालवणारी बॅटरी. लाईट गेली तरी साधारण तीन तास वायफाय चालतं, आणि विजांच्या वेळी त्याचा प्लग काढून ठेवला तरी राउटर बॅटरीवर सुरूच राहतो. सिमवाल्या टॅबला जे जास्तीचे पैसे लागतात त्यात हा यूपीएस आरामात येतो. तोही संपला तर फोनचा हॉटस्पॉट आहेच. तेव्हा यूट्यूबच्या चित्राचा दर्जा ४८० वर ठेवा, तासाला साधारण अर्धा जीबी जातो.

घेताना रॅम किमान ६ जीबी, साठवण १२८ जीबी आणि सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार हे बघायचं. फार स्वस्तातला टॅब नको, त्याचे अपडेट लवकर थांबतात. गुगल खात्याला बाबांचा नंबर जोडायचा आणि पासवर्ड दुधाच्या हिशेबाच्या वहीत नको, आईच्या कपाटातल्या डायरीत लिहायचा.

बाबा, राउटरच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ लिहिलेलं असतं, बहुतेक १२ व्होल्ट आणि १ किंवा दीड अँपिअर असेल. यूपीएसचे व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर जास्त चालतात. अडॅप्टरवरच्या त्या अक्षरांचा आणि राउटरमध्ये जाणाऱ्या गोल पिनेचा एक फोटो उजेडात काढून पाठवा, म्हणजे या आठवड्यात मागवते.

तुमची लेक