आशाताई, तुमच्या वहीतली ती तारीख

आशाताईंना नमस्कार,

तुम्ही समोर आलात की माझे डोळेच भरून येतात, बोलणं राहून जातं. म्हणून सगळ्यांदेखत लिहिते.

2021 ची आखाजी (अक्षय्य तृतीया) आमच्या घरी झालीच नाही. सासरे आणि हे, दोघांनाही करोना. पोराला मात्र साधी सर्दीही नव्हती. त्यामुळे मृगात त्याला ताप भरला तेव्हा करोना कोणाच्या मनातही आला नाही. ताप, पोटदुखी, उलट्या. आधी टायफॉइड धरून औषध झालं, मग अपेंडिक्सची शंका निघाली. चार दिवस गेले.

15 जूनपासून मानधनासाठी राज्यभर आशांचा संप सुरू होता. तरी तुम्ही ओट्यावर थांबून विचारलंत, "काय व्हयनं पोराले?" लाल डोळे, फुटलेले ओठ, पोटावरचं पुरळ पाहिलंत आणि पिशवीतून वही काढलीत. आमच्या घरचे पॉझिटिव्ह रिपोर्ट तारखेनिशी त्यात होते. बोटांवर मोजून म्हणालात, "पाच आठवडे झाले. डॉक्टरांना आधी ही तारीख सांगा." 108 ला फोनही तुम्हीच केलात. चोपड्याहून तापीचा पूल ओलांडेपर्यंत मी ती तारीख पाठ करत होते.

जळगावला डॉक्टरांनी तारीख ऐकली आणि लगेच सीआरपी, फेरिटिन या अंगातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या आणि हृदयाची टू-डी इको, म्हणजे सोनोग्राफी, करायला लावली. एमआयएस-सी नावाचा आजार निघाला. करोना होऊन गेल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच शरीरावर उलटते. हृदय, आतडी, डोळे, कातडी, सगळीकडे दाह. आधी करोनाचं एकही लक्षण दिसलेलं नसलं तरीही. आमच्या पोराचं बीपी खाली गेलं होतं आणि हृदयाला जोर उरला नव्हता. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे शिरेतून द्यायचं प्रतिपिंडांचं औषध, वजनाच्या दर किलोला 2 ग्रॅम लागतं. त्याच्या 20 किलोला 5 ग्रॅमच्या 8 बाटल्या, थेंब थेंब, रात्रभर. सोबत स्टेरॉइड. हजारो अनोळखी माणसांच्या प्लाझ्मातून ते औषध बनतं, हे सिस्टरांनी सांगितलं तेव्हा मी त्या बाटलीला हात जोडले.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पुढे काही आठवडे ॲस्पिरिन चाललं, इको पुन्हा पुन्हा झाली. प्रत्येक इकोची तारीख तुम्ही मला आदल्या दिवशी आठवण करून दिलीत.

ताई, संपात होतात तरी वही पिशवीत होती. तुमच्या मानधनाची गोष्ट निघेल तिथे मी हे सांगते, सांगत राहीन.

तुमची,
खालच्या गल्लीतली वहिनी